परिचय पुस्तिकेत रक्ताविषयी काय विचारावे: ज्ञातिसंस्था आणि वधू-वर मंडळांच्या पदाधिकाऱ्यांस खुले पत्र

महाराष्ट्रातील सर्व ज्ञातिसंस्था, समाजमंडळे आणि वधू-वर सूचक केंद्रांच्या सन्माननीय पदाधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

तुळशीची लग्ने लागली की आपल्या मंडळांचे वधू-वर परिचय मेळावे सुरू होतात. सभागृह ठरवणे, पुस्तिकेसाठी जाहिराती मिळवणे, आलेले अर्ज तपासून छापखान्यात देणे आणि मेळाव्याच्या दिवशी बाहेरगावच्या पालकांची जेवणाखाण्याची सोय पाहणे ही कामे आपल्यापैकी बहुतेक जण पदरमोड करून करतात, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. हे पत्र मेळाव्यांच्या विरोधात लिहिलेले नाही. आपल्या हातात असलेले दोन कागद, म्हणजे नोंदणीचा अर्ज आणि छापील परिचय पुस्तिका, यांविषयी मला बोलायचे आहे. कोणाचे लग्न कोणाशी जुळावे याचा विचार लेखी स्वरूपात आणि शेकडो कुटुंबांसाठी एकदम जिथे होतो, अशी आपल्या मंडळांखेरीज दुसरी जागा महाराष्ट्रात नाही. मी उमेदीची सारी वर्षे रक्तपेढीत आणि रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले. रक्ताविषयी या कागदांवर जे छापले जाते आणि जे छापायचे राहून जाते, ते दोन्ही मला अस्वस्थ करते.

छापले जाते ते आधी घेते. स्मरणिकेच्या संपादकीयात आणि अध्यक्षीय मनोगतात "आपल्या समाजाचे रक्त शतकानुशतके शुद्ध राहिले आहे" अशा अर्थाची वाक्ये अजूनही येतात, आणि अलीकडे त्यांना डीएनएची जोड मिळू लागली आहे. आपला समाज मुळात अमुक प्रदेशातून आला, आपला डीएनए वेगळा आहे, म्हणून मुलामुलींनी समाजातच लग्न करावे, असा हा युक्तिवाद असतो. विज्ञानाचे नाव घेऊन तो मांडला जातो, म्हणून विज्ञानाला या विषयात काय आढळले आहे ते आपल्यापुढे नीट ठेवणे मला आवश्यक वाटते.

माणसाच्या जनुकसंचात, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएत, सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. जगातील कोणत्याही दोन माणसांचे जनुकसंच शेजारी ठेवून वाचले, तर दर हजार अक्षरांपैकी सुमारे ९९९ जुळतात. उरलेला फरक प्रमाणाने लहान असला तरी आकड्याने मोठा आहे. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या एक हजार जीनोम प्रकल्पात जगातील २६ लोकसमूहांतील २,५०४ व्यक्तींची पाहणी झाली, आणि एका व्यक्तीचा जनुकसंच प्रमाण म्हणून घेतलेल्या संचापेक्षा साधारण ४१ ते ५० लाख ठिकाणी वेगळा असतो असे दिसले. (त्या प्रकल्पात दक्षिण आशियातील पंजाबी, गुजराती, बंगाली, तेलुगू आणि श्रीलंकेतील तमिळ असे पाच समूह होते. मराठी समूह एकही नव्हता. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये सुरू केलेल्या जीनोम इंडिया प्रकल्पाने देशभरातील दहा हजार व्यक्तींचे जनुकसंच वाचण्याचे काम हाती घेतले, त्यामुळे अशी उणीव भरून निघू लागली आहे.)

हा फरक समूहासमूहांत किती आणि एकाच समूहाच्या आत किती, हा खरा प्रश्न आहे. त्याचे पहिले मोजमाप अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये केले. रक्तगट आणि रक्तातील प्रथिने ठरवणारी १७ जनुके घेऊन त्यांनी हिशेब मांडला, तेव्हा माणसांतील एकूण वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य एकाच लोकसमूहाच्या आत निघाले, सुमारे ८ टक्के एकाच तथाकथित वंशातील निरनिराळ्या समूहांमध्ये, आणि जगाच्या मोठ्या वंशांमध्ये म्हणून जेमतेम ६ टक्के. २००२ मध्ये ५२ समूहांतील १,०५६ लोकांच्या जनुकसंचातील ३७७ खुणा तपासल्या गेल्या, तेव्हा समूहांतर्गत वाटा ९३ ते ९५ टक्के भरला. पद्धत बदलली की आकडे थोडे हलतात, पण बहुतांश वैविध्य समूहाच्या आतच असते हे अर्धशतकात कोणालाही खोडून काढता आलेले नाही. आपल्या पुस्तिकेत एकाच पानावर, एकाच पोटशाखेखाली ज्या दोन मुलांची माहिती छापली आहे, त्या दोघांत परस्परांपासून जितके जनुकीय अंतर असेल, त्यापेक्षा त्यांच्यातील एकाचे आणि शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या मुलाचे अंतर फारसे जास्त नसते.

या मांडणीवर एक आक्षेप आहे आणि तो खरा असल्यामुळे मी तो झाकून ठेवणार नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये दाखवले की एकेका जनुकात समूहासमूहांतला फरक किरकोळ असला, तरी शेकडो जनुकांतले किरकोळ फरक एकत्र पाहिले तर माणूस कोणत्या भूभागातला असावा हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. पूर्वजांचा माग सांगणाऱ्या चाचण्या याच तत्त्वावर चालतात. परंतु एखाद्याच्या आजोबा-पणजोबांचा मुलूख ओळखता येणे ही एक गोष्ट, आणि त्यावरून त्याची बुद्धी, शील किंवा योग्यता ठरवणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट. पहिली साधते म्हणून दुसरीही साधेल असे मानायला कोणताही आधार नाही.

आता आपल्या देशाचे पाहू. २००९ मध्ये भारतातील २५ समूहांतील १३२ व्यक्तींच्या जनुकसंचांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले की बहुतेक भारतीय समूह उत्तरेकडचा एक आणि दक्षिणेकडचा एक अशा दोन प्राचीन लोकसमुदायांच्या मिश्रणातून झालेले आहेत. उत्तरेकडील पूर्वजांचा वाटा या मिश्र समूहांत ३९ ते ७१ टक्के असा बदलत जातो. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींत तो सरासरीने अधिक आहे, हेही त्या अभ्यासात आहे, आणि ते सांगायला संकोचण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते असे की या मिश्र समूहांपैकी एकही शंभर टक्क्यांवर नाही आणि एकही शून्यावर नाही. २०१३ मध्ये याच दिशेने पुढे झालेल्या अभ्यासात हे मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाल्याचे दिसले. आज एकमेकांपासून लांब राहणाऱ्या जाती आणि जमाती, अगदी भिल्लांसारख्या डोंगरदऱ्यांत राहिलेल्या समाजासह, या मिश्रणातून सुटलेल्या नाहीत. हजारो वर्षे रक्त शुद्ध राहिल्याचा दावा जो समाज करतो, त्याचेही पूर्वज त्या काळात इतरांशी सोयरिकी करतच होते.

मग त्या सोयरिकी थांबल्या केव्हा? पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अनेक समूहांत हे मिसळणे सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे दीड हजार वर्षांच्या आसपास, बरेचसे अचानक बंद पडले. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, ९ मे १९१६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला होता, आणि गटाबाहेर लग्न न करणे हेच जातीचे मूळ लक्षण आहे, बाकी सारी लक्षणे त्यातून निघतात, असे प्रतिपादन केले होते. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते, आणि जनुकांचा असा माग घेण्याचे कोणतेही साधन जगात नव्हते. समाजाच्या निरीक्षणातून त्यांनी जे हेरले, तेच शतकभरानंतर रक्ताच्या नमुन्यांत वाचायला मिळाले.

रक्ताच्या शुद्धतेची भाषा आपल्या परंपरेतूनच आली असे अनेकांना वाटते, पण तिच्यातला बराच भाग ब्रिटिश अमदानीतला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण मोजून जातींची उतरंड लावण्याचा खटाटोप केला होता. त्या पद्धतीला उत्तर देणाऱ्यांत पुण्याच्या इरावती कर्वे यांचे नाव आपल्याला अभिमानाने घेता येईल. १९२७ मध्ये त्या संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते, आणि कवट्यांच्या मोजमापातून आपल्या मताला पुष्टी मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि अपेक्षित फरक आढळत नाही असे आपल्या प्रबंधात लिहिले. पुढे १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. दर्जा एक, मोठे नाव एक, तरीही हे आठ गट मोजमापांत परस्परांपासून वेगळे निघाले, आणि एकाच मूळ जातीचे तुकडे पडून या जाती झाल्या असाव्यात ही समजूत टिकली नाही.

इथवरचे वाचून "मग जनुकांच्या दृष्टीने जात म्हणजे काहीच नाही" असे कोणी म्हणेल, तर तेही बरोबर नाही, आणि माझ्या पत्राचा गाभा इथेच आहे. जात म्हणजे वंश नव्हे. परंतु लग्नाचे कुंपण सत्तर पिढ्या टिकले की त्याच्या खुणा जनुकांत उमटतात. त्या खुणा श्रेष्ठत्वाच्या नसतात, आजाराच्या असतात.

आपल्या अर्जात गोत्र, देवक किंवा कूळ विचारले जाते आणि ते एक आले की स्थळ बाद होते. जवळच्या नात्यात लग्न होऊ नये ही यामागची समज जुनी आणि विचारी आहे. परंतु तिचा पल्ला किती आहे ते पाहा. दहा पिढ्या मागे गेले की वंशावळीत प्रत्येकाच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. गोत्र त्यांतल्या फक्त एका जागेचा, बापाच्या बापाच्या बापाचा, मागोवा घेते. उरलेल्या १,०२३ जागांवर दोन्ही घरांचे किती पूर्वज सामाईक आहेत याविषयी ते काहीच सांगत नाही. वीस पिढ्या मागे गेले तर जागा दहा लाखांवर जातात, आणि लहानशा समाजात एवढी निराळी माणसे तेव्हा नव्हतीच, म्हणून त्याच त्या माणसांना अनेक जागा भराव्या लागतात. दुसरीकडे, मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे कित्येक समाजांत गोत्र वेगळे म्हणून सहज चालते, आणि त्या दोघांच्या जनुकसंचाचा सरासरी आठवा हिस्सा सामाईक असतो. रक्तगट एकच असला तर लग्न करू नये, या समजुतीपायी मात्र चांगली स्थळे नाकारली जातात. त्या समजुतीला काही अर्थ नाही. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे लागते, आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायच्या एका इंजेक्शनाने पुढचा धोका टळतो. एवढ्यासाठी स्थळ मोडण्याची गरज नसते.

२०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड राइख यांच्या गटांनी दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८१ समूह इतक्या थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढले आहेत, की याबाबतीत जगभर उदाहरण म्हणून दिले जाणारे फिनलंडचे लोक आणि युरोपातील अश्केनाझी ज्यूही त्यांच्या मागे पडतात. त्या ८१ पैकी १४ समूहांची आजची लोकसंख्या दहा लाखांहून जास्त आहे. "आपला समाज एवढा मोठा, आपल्याला काय चिंता" हे उत्तर म्हणूनच अपुरे पडते. आज किती आहोत यापेक्षा सुरुवातीला किती होतो, आणि नंतर बाहेरून किती आले, यावर सारे अवलंबून असते. प्रत्येक माणूस काही सदोष जनुकरूपे बाळगून असतो. ती एकेरी, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलेली, असेपर्यंत सहसा त्रास देत नाहीत. नवरा आणि बायको दोघांकडे तेच सदोष रूप असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि थोड्या पूर्वजांच्या समाजात असे दोघे एकत्र येण्याचा संभव वाढतो.

याचे एक उदाहरण शस्त्रक्रियागृहातले आहे. भूल देताना घशात नळी घालता यावी म्हणून स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलिन हे औषध वापरतात. रक्तातले एक विकर (एन्झाइम) ते काही मिनिटांत मोडते आणि रुग्ण पुन्हा स्वतः श्वास घेऊ लागतो. आर्य वैश्य (कोमटी) समाजातील काही कुटुंबांत या विकराच्या जनुकात असा दोष आढळतो की औषध मोडले जात नाही आणि रुग्णाला तासन्‌तास यंत्राच्या श्वासावर ठेवावे लागते. आंध्र आणि तेलंगणातील भूलतज्ज्ञांना ही गोष्ट ठाऊक असते. हा समाज मराठवाड्यात आणि विदर्भातही आहे, तेव्हा शस्त्रक्रियेआधी कुटुंबात पूर्वी कोणाला असा त्रास झाला होता का, हे डॉक्टरांना सांगण्याची सवय त्या समाजाच्या मंडळाने सहज लावता येईल.

दुसरे उदाहरण तर मुंबईच्या नावानेच जगभर ओळखले जाते. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर अज्ञात असलेला एक रक्तगट मुंबईत शोधून काढला. ए किंवा बी हे घटक लाल पेशींवर तयार होण्यासाठी आधी एच हा पायाचा पदार्थ लागतो, आणि या लोकांत तोच नसतो. परीक्षानळीत रक्त घेऊन अँटी-ए आणि अँटी-बी द्रव टाकले तर गुठळी होत नाही, आणि घाईतला तंत्रज्ञ "ओ" असे लिहून मोकळा होतो. खरा उलगडा उलट तपासणीत होतो. त्या माणसाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींत मिसळला की, जिथे काहीच व्हायला नको, तिथे नळी तिरकी करताच तळाशी लालसर कण ठसठशीत दिसतात. माझ्या डोळ्यांसमोर असे कण आले तेव्हा हात क्षणभर थबकला होता, कारण त्या माणसाला ओ गटाची पिशवी चढवली असती तर त्याचा जीव गेला असता. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. युरोपात असा माणूस दहा लाखांत एखादा सापडतो, भारतात साधारण दहा हजारांत एक, आणि त्याचे आईवडील एकाच लहान गटातले किंवा नात्यातले असणे नेहमीचेच. आपल्या पुस्तिकेत रक्तगटाच्या रकान्यात "ओ" म्हणून छापलेल्यांत असा एखादा असू शकतो.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांविषयी मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदलते आणि प्राणवायू कमी पडला की लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. पेशी लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मुलाला हाडांतून, सांध्यांतून अशा कळा येतात की घरच्यांना त्याचे ओरडणे ऐकवत नाही. भारतात हा आजार १९५२ मध्ये नीलगिरीतील आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात तो नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजांत, गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड आणि माडिया समाजांत, आणि विदर्भातील अनुसूचित जाती व इतर मागासवर्गातील अनेक समाजांतही आढळतो. हेच जनुकरूप आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये आणि सिसिलीतही सापडते. ते जातीच्या मागे गेलेले नाही, हिवतापाच्या मागे गेलेले आहे. ज्याच्याकडे ते एकेरी असते त्याला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे ते टिकले. अमुक जातीचा आजार म्हणून कोणाकडे बोट दाखवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. हिमोग्लोबिन पुरेसे तयार न होण्याच्या थॅलेसेमिया या आजाराचेही तसेच आहे. भारतात सरासरी शंभरात तीन ते चार माणसे त्याची वाहक असतात, म्हणजे त्यांच्याकडे सदोष रूप एकेरी असते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत प्रमाण जास्त आहे, परंतु एकही समाज त्यापासून पूर्ण मुक्त नाही. दोन्ही पालक वाहक असले की ज्या मुलाच्या वाट्याला आजार येतो, त्याला दर दोन-चार आठवड्यांनी जन्मभर रक्त चढवावे लागते. रक्तपेढीत अशी मुले माझ्यासमोर वाढली. त्यांच्यातल्या काही जणांना आपल्या पिशवीचा क्रमांक स्वतः तपासून घ्यायची सवय लागली होती.

हे वाहकपण शोधणे अवघड नाही. सिकलसेलसाठी एका नळीतल्या द्रवात रक्ताचे थेंब टाकतात आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक, गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर पुढची चाचणी करायची. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या साध्या रक्ततपासणीत लाल पेशी आकाराने लहान पण संख्येने भरपूर दिसतात, आणि पुष्कळदा "रक्त कमी आहे" म्हणून त्याला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. एचपीएलसी नावाची एक चाचणी केली की दोन्ही गोष्टी एकाच नमुन्यात कळतात. तिचा खर्च लग्नाच्या एकूण खर्चात नगण्य आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आहे आणि २०४७ हे उद्दिष्टाचे वर्ष आहे. सरकार गावागावांत पोहोचेल, पण स्थळ पाहण्याच्या नेमक्या वेळी जोडीजवळ पोहोचणे त्याला जमत नाही. ते आपल्याला जमते.

अन्यत्र हे घडलेले आहे. सायप्रस बेटावर थॅलेसेमियाचे प्रमाण फार मोठे होते. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चने १९८३ पासून लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखल्यावर निष्कर्ष लिहिलेला नसतो, फक्त तपासणी आणि समुपदेशन झाल्याची नोंद असते. दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी ठरलेले लग्न मोडले नाही, गरोदरपणी गर्भाची तपासणी करून पुढचा निर्णय घेतला, आणि बेटावर आजारी मूल जन्मणे जवळजवळ थांबले. आपल्या पद्धतीला आणखी जवळचे उदाहरण सनातनी ज्यू समाजातले आहे. त्यांच्याकडेही लग्ने समाजातच आणि मध्यस्थामार्फत जुळतात. टे-सॅक्स या आजाराने आपली चार मुले गमावलेले रब्बी जोसेफ एक्स्टाइन यांनी १९८० च्या दशकात दोर येशोरिम ही व्यवस्था उभी केली. तरुणांची तपासणी नावाशिवाय होते आणि प्रत्येकाला केवळ क्रमांक मिळतो. स्थळ पुढे जाण्याआधी दोन्ही घरे आपापला क्रमांक कळवतात, आणि ही जोडी एकाच आजाराची वाहक आहे की नाही एवढेच त्यांना सांगितले जाते. कोण वाहक आहे हे चारचौघांत कधीच येत नाही, म्हणून कोणाच्या घरावर शिक्का बसत नाही.

या शेवटच्या मुद्द्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे; त्याच्या आयुष्याला, कष्टाला, बाळंतपणाला सहसा काही बाधा येत नाही. तरीही हा निष्कर्ष पुस्तिकेत छापला गेला, तर त्याची किंमत मुली मोजतील हे मी ठामपणे सांगते. मुलगा वाहक निघाला तर "त्याला काही होत नाही" असे म्हणतात, आणि मुलगी वाहक निघाली तर तिच्या धाकट्या बहिणींची स्थळेसुद्धा परत जातात. असे होताना मी पाहिले आहे. तपासणीचा निष्कर्ष पुस्तिकेत, अर्जात, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर किंवा मंडळाच्या वहीत कुठेही येता कामा नये. अर्जात एकच ओळ असावी: "हिमोग्लोबिन तपासणी केली आहे / नाही." निष्कर्ष त्या व्यक्तीजवळ राहील, आणि बोलणी पुढे सरकली की दोघे आपापला कागद घेऊन एकत्र डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जातील. ज्या मंडळांची सभासदसंख्या मोठी आहे त्यांनी एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मदतीने क्रमांकाची पद्धत राबवून पाहावी. जनुकीय तपासण्यांची दुकाने मेळाव्यात लावू देऊ नयेत, आणि समाजाचे मूळ शोधण्याच्या नावाखाली कोणी लाळेचे किंवा रक्ताचे नमुने गोळा करत असेल, तर ते कोणासाठी, कोणाच्या लेखी संमतीने आणि पुढे कुठे जाणार आहेत, हे विचारल्याशिवाय परवानगी देऊ नये.

माझे स्वतःचे मत आपल्याला रुचेल की नाही ठाऊक नाही, तरी लिहिते. पोटशाखेची अट अर्जातून आजच काढावी, आणि जातीची अट काढण्यासाठी मंडळांनी स्वतःहून पाऊल उचलावे. आपल्याच समाजाच्या लहान वर्तुळात फिरणारी दुर्मिळ सदोष जनुकरूपे वर्तुळ रुंदावले की समोरासमोर येण्याचे प्रमाण घटते. याने तपासणीची गरज संपत नाही, कारण सिकलसेल आणि थॅलेसेमिया अनेक समाजांत आहेत आणि आंतरजातीय जोडप्यातही दोघे वाहक निघू शकतात. परंतु समाजातच लग्न केल्याने संतती निकोप होते असे जे सांगितले जाते, ते सांगायला जनुकशास्त्रात जागा नाही. हे मत बाजूला ठेवूनही तपासणीची ओळ आपल्याला घालता येते. त्यासाठी माझ्याशी सहमत होण्याची अट नाही.

पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत तीन विषय ठेवावेत ही विनंती: स्मरणिकेतून रक्ताच्या शुद्धतेचा मजकूर वगळणे, रक्तगट जुळण्याची समजूत खोडून काढणारी चार ओळींची सूचना पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापणे, आणि अर्जात हिमोग्लोबिन तपासणीची ओळ घालणे. "वर्ण" हा रकाना जाता जाता काढून टाकता आला तर फार बरे होईल. त्वचेचा रंग उजळ करणारे एक प्रमुख जनुकरूप युरोपीयांत आणि भारतातील बहुतेक सर्व थरांत एकच आहे, आणि सख्ख्या बहिणींतही ते वेगवेगळे उतरते. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील मंडळांनी या कामाला आधी हात घालावा, कारण तिथे सरकारी रुग्णालयांत सिकलसेलच्या तपासणीची सोय आधीच आहे आणि मेळाव्याच्या दिवशी आरोग्य विभागाचे पथक बोलावता येते. तपासणीची माहिती सभासदांना समजावून सांगण्यासाठी किंवा छापायच्या सूचनेचा मसुदा तपासून देण्यासाठी कोणत्याही समाजाच्या मंडळाने बोलावले, तर मी येईन. मला प्रवासखर्चही नको.

आपली नम्र,
रक्तपेढीतील एक निवृत्त तंत्रज्ञ